थोरल्या शब्दाची वही

सोलापूर,
ता. २१ जानेवारी १९३२

प्रिय रुद्रप्पा यास,

चनमल्लप्पाचा सप्रेम शरणु. वि. वि. तुझं पॅरिसहून निघालेलं पत्र आणि सोबतचा छापील लेख परवा पोचला. इकडे सर्व खुशाल. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली. यंदा पाळणे कमी आणि धूळ जास्त. तुझ्या आईंनी डबाभर शेंगांची चटणी माझ्याकडे आणून दिली होती, तुला पाठव म्हणून. तेलकट वस्तू पोस्टात घेत नाहीत असं मी त्यांना सांगितलं. पोस्टात विचारायला मी गेलो नव्हतो. चटणी आमच्याकडे चार दिवसांत संपली. तुला राग येणार नाही, कारण तिकडे तुला लोणी आणि चीज मिळत असेल.

लेख वाचला. फ्रेंच अजून बरं आठवतं मला, काळजी नसावी. वर तुझं नाव पाहिलं, ‘मस्यू रुद्रप्पा शेटे’. आल्वारिस मास्तरांनी लॅटिन शिकवताना आपल्याला ज्या शब्दाची वंशावळ घोकायला लावली, त्याचंच एक खापरपणतवंड आता तुझ्या नावापुढे येऊन बसलंय. छान दिसतं. मी ते नाव दोन-तीनदा मोठ्याने वाचलं, तेव्हा बायकोने विचारलं, कुणाला हाका मारताय?

लेखात तू म्हणतोस की लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा आणि ‘सेनिओर’ म्हणजे त्याहून म्हातारा, बस्स, एवढाच अर्थ. मग वयाने मोठा तो मानाने मोठा झाला, मानाने मोठा तो धनी झाला. इटलीत सिन्योरे, स्पेनमध्ये सेन्योर, फ्रान्सात सेन्यर आणि सीर, इंग्रजांकडे सर. आणि शेवटी वाटेवरच्या कुणालाही लावायचा साधा शब्द उरला. हे सगळं मास्तरांचंच, पण तू मांडलंयस नीट. मीही आता त्या शब्दाचा जाणकार आहे म्हण. मिलच्या ऑफिसात दिवसाला चाळीस पत्रं टाइप करतो आणि प्रत्येकाची सुरुवात ‘डिअर सर’.

पान चौथ्यावर तू लिहिलंयस की तुझ्या गावी, म्हणजे सोलापुरात, ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, पण टांगेवाल्यालाही माणूस अण्णा म्हणतो आणि भाजीवाल्यालाही. आणि सेनिओरचं नेमकं हेच झालं. हे वाक्य मला फार आवडलं. लेखातलं सगळ्यांत चांगलं वाक्य तेच. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर मी तुला ते सांगितलं होतं. तू पेरू खात होतास. असो.

आता मास्तरांविषयी. तार तुला मिळालीच. आल्वारिस मास्तर १९ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास गेले. शेवटचे अठरा दिवस मी रोज मिल सुटल्यावर त्यांच्या खोलीवर जात होतो, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. स्वयंपाकाच्या बाळाबाई होत्या, त्यांनी फार केलं. मोतीबिंदूने डोळे पुरते गेले होते, ताप उतरत नव्हता. गोव्याहून एक पुतण्या आला, तो दफनानंतर दुसऱ्या दिवशी व्हायोलिन घेऊन परत गेला.

तू वहीबद्दल विचारलंस. मास्तरांनी तीस वर्षं एकाच शब्दाचे दाखले जमवून लिहिलेली ती निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाल्याशिवाय तुझा प्रबंध उभा राहणार नाही, आणि प्रबंध मेअखेर द्यायचाय, हे समजलं. पण काय सांगू? वही मास्तरांच्या बरोबर पेटीत गेली. त्यांची तशी इच्छा होती. आता ती कुठून काढून देऊ? तू हुशार आहेस, तिकडची ग्रंथालयं मोठी आहेत, दाखले पुन्हा जमवशील.

घरच्या सर्वांचे नमस्कार. थंडीला जपावे.

तुझा,
चनमल्लप्पा


सोलापूर,
ता. ४ मार्च १९३२

रुद्रप्पा यास,

शरणु. तुझं पत्र काल मिळालं.

तू क्षमा मागतोस. ‘अण्णा’च्या वाक्याची आठवण राहिली, पण ते कुणाचं ते विसरलो, असं लिहितोस. खरंच विसरला असशील. ज्यांना बोलायला खूप माणसं मिळतात त्यांना कोण काय बोललं ते ध्यानात राहत नाही. मला इथे बोलायला कुणी नाही, म्हणून मला तारीखसुद्धा आठवते.

प्रबंधात तळटीप देऊन माझं नाव घालीन म्हणतोस. तळटीप! पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘माझे सोलापूरचे मित्र’. नको. उपकार कर आणि घालू नकोस. मास्तरांकडे आधी मी गेलो. आठ महिने मी एकटा शिकलो आणि मग तुला हाताला धरून मीच नेलं, एकट्याला धडा घोकायचा कंटाळा येतो म्हणून. मॅट्रिकला लॅटिनमध्ये तीन मार्क मला जास्त होते. हे तुझ्या मस्यू मंडळींना सांगितलंस का कधी?

आणि लिहितोसच तर नीट लिही. लेखात तू सीर आणि सेन्यर यांची गल्लत केली आहेस. मास्तरांनी वहीत त्रेचाळिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलंय की सीर हा कर्त्याच्या रूपातून आला आणि सेन्यर कर्माच्या रूपातून. एकाच बापाची दोन पोरं, एक हाक मारायला राहिलं आणि एक जमीनदार झालं. खाली तांबड्या शाईने रेघ आहे. एवढं तरी बघायचं होतंस.

शेवटी तू विचारलंस, ‘मास्तरांनी जाण्यापूर्वी माझी आठवण काढली का?’

नाही. एकदाही नाही. ते ख्रिस्ताचं नाव घेत होते आणि पाणी मागत होते. तुझ्या समाधानासाठी खोटं लिहिणं मला जमायचं नाही.

ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. तुझी आई बरी आहे.

चनमल्लप्पा


सोलापूर,
ता. १३ एप्रिल १९३२

प्रिय रुद्रप्पा,

शरणु. तुझं चार ओळींचं कार्ड मिळालं. ‘पान त्रेचाळीस. तुझं बरोबर आहे, मी सुधारून घेतलं. आभार.’ बाकी काही नाही. पेटीत पुरलेल्या वहीचं पान आणि तिच्यातली तांबडी रेघ मला कशी ठाऊक, हे तू विचारलं नाहीस. तुला कळलं नाही असं तर होणार नाही. शिव्या दिल्या असत्यास तर मी त्यांना उत्तर लिहिलं असतं, तेही झकास. आता काय लिहू?

वही माझ्याकडे आहे. म्हणजे आता नाही, आज सकाळी मी ती पोस्टात दिली, मेणकापडात गुंडाळून, वर कापड शिवून, रजिस्टर करून. शुक्रवारच्या बोटीवर चढेल. मेच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या हातात पडावी. पोस्टातल्या बाबूने आत काय आहे म्हणून विचारलं तेव्हा मी ‘जुने कागद’ म्हणालो.

आधी पोस्टात गेलो आणि मग हे लिहायला बसलो. उलट केलं असतं तर वही गेली नसती. मी स्वतःला ओळखतो.

आता बाकीचं. गेल्या शनिवारी मिल सुटली तेव्हा फाटकाशी बाळाबाई उभ्या होत्या. त्या आता सांगोल्याकडे, भावाच्या घरी निघाल्यात कायमच्या, निरोप घ्यायला आल्या होत्या. फडक्यात भाकरी बांधून आणली होती माझ्यासाठी. माणसं बाहेर पडत होती, धक्के लागत होते, आणि त्या सगळ्यांत त्यांनी माझ्या पायाला हात लावला. माझ्या आईच्या वयाची बाई. मी मागे सरलो.

त्या म्हणाल्या, “आवं अण्णा, मागं कशाला सरतासा? लई पुण्याचं काम केलंय तुमी. त्या धाकल्याचं नाव घेतलं म्हनून म्हाताऱ्याचा जीव निवांत गेला. पोटच्या पोरानं बी येवढं केलं नसतं.”

मी म्हणालो, “बाळाबाई, कुणाला सांगितलंत का हे?”

“न्हाय की. कुनाला सांगू? पन देव बगतोयच की.”

भाकरी घेऊन मी घरी आलो. रुद्रप्पा, मला मिलमध्ये साहेबाने चारचौघांत झापलं आहे, एकदा कानाखालीही बसली आहे. पण त्या बाईच्या कौतुकाने जी शरम वाटली ती कधी वाटली नव्हती. आता तुला सांगतो, त्या कशाबद्दल कौतुक करत होत्या.

दारातला रिवाज तुला आठवतोच. मास्तर आतून ‘क्विस एस्त?’ म्हणून विचारायचे, कोण आहे, आणि लॅटिनमध्ये उत्तर दिल्याशिवाय आत यायची सोय नव्हती. आपल्याला त्यांनी नावंच देऊन टाकली होती. मी आधी आलो म्हणून सेनिओर, तू मागून आलास म्हणून युनिओर, धाकटा. दोघांच्या वयात फरक जेमतेम पाच महिन्यांचा, पण त्या नावाने माझी छाती फुगायची. त्यांच्या त्या शब्दाची अख्खी वंशावळ पाठ करताना मला वाटायचं, ही माझीच वंशावळ आहे.

आजारपणातही त्यांनी हा रिवाज सोडला नाही. डोळे गेलेले, एका कानाने ऐकू येईना, तरी कडी वाजली की विचारायचे, ‘क्विस एस्त?’ मी म्हणायचो, ‘सेनिओर.’ ‘ये, बस,’ म्हणायचे, आणि थोड्या वेळाने, ‘युनिओरचं पत्र आलं?’ रोज. मी त्यांचं अंग पुसायचो, पेज भरवायचो, कपडे बदलायचो आणि ते विचारायचे, युनिओर कधी येतो? बोटीला किती दिवस लागतात? तो जेवतो ना नीट? सतरा दिवस. एकदाही नाही असं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं. अरे, दुसरं काही ते बोलतच नव्हते.

अठराव्या दिवशी संध्याकाळी मी कडी वाजवली. आतून ‘क्विस एस्त?’ आलं. मी म्हणालो, ‘युनिओर.’

बाळाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला शेवटचं सुख द्यायला मी हे केलं. नंतर मीही स्वतःला तेच सांगत राहिलो. पण तसं नव्हतं. मला ऐकायचं होतं. तू आत आल्यावर ते तुझ्याशी काय बोलतात, ते एकदा कानांनी ऐकायचं होतं. सोळा वर्षं मला तेवढंच हवं होतं.

मास्तर उठून बसले. आदल्या दिवशी मी धरून कुशीवर वळवलेला माणूस आपल्या बळाने उठून बसला. ‘आयलो रे पुता?’ म्हणाले आणि हात पुढे केले. मी जवळ गेलो. त्यांनी माझं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, म्हणाले, तिकडे जाऊन वाळलास. आपल्या दोघांचे उच्चार एकाच गळ्यातून आलेले, आणि ताप फार होता; त्यांनी ओळखलं नाही. निदान मी तसं धरून चालतो.

मग ते बोलले. सगळं लिहितो, कारण ते तुझं आहे.

म्हणाले, “वही ट्रंकेत आहे, काळ्या कोटाखाली. ती तुझी. सेनिओरकडे दिली तर तो जिवापाड जपेल, फडक्यात बांधून ठेवील, पण तिच्यातून काही उभं करणार नाही. तू करशील.” मग पाणी मागितलं. मी पाजलं. मग म्हणाले, “तो आधी आला, रोज आला. माझं त्याने जे केलं ते कुणी केलं नाही. मी त्याला तुझ्यापेक्षा जास्तच शिकवलं असेन. पण मी वाट बघायचो ती तुझी. माणसाच्या हातात नसतं ते.” आणि माझा हात घट्ट धरून, “हे त्याला कळू देऊ नकोस हां. तो थोरला आहे. त्याला लागेल.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून लॅटिनमध्ये आशीर्वाद दिला. पूर्ण, सावकाश, एकही शब्द न गाळता. मी ‘आमेन’ म्हणालो, तुझ्या वतीने. दुसऱ्या दिवशी बाराला ते गेले.

पाद्री यायच्या आत मी ट्रंक उघडून वही काढली आणि सदऱ्याखाली घातली. ते पुण्य की पाप, हे बाळाबाईंना विचारायला हवं होतं.

मी ठरवलं होतं की मास्तरांना खोटं पाडायचं. तू लेख लिहितोस, मीही लिहीन. तुझ्याआधी लिहीन. चार महिने रोज मिलमधून आल्यावर वही उघडून बसलो. सगळे दाखले माझ्या अक्षरात उतरवून काढले. रुमानियाच्या पानावर त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, तिथे तो शब्द रुजलाच नाही, लोक माणसाला ‘दोम्न’ म्हणतात, त्यावर मी पुष्कळ विचार केला. लेखाच्या ओळी किती झाल्या म्हणशील तर अकरा. त्यांतल्या चार खोडल्या. वही मात्र मी फडक्यात बांधून ठेवत होतो, रोज, न चुकता. मास्तरांना डोळे नव्हते तरी त्यांना मी स्पष्ट दिसत होतो.

आणि एक. वडील वारले म्हणून मला कॉलेजात जाता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो, तुलाही सांगत आलो. वडील जूनमध्ये वारले. अर्ज मार्चमध्ये भरायचा होता. मास्तरांनी तो आणून माझ्या हातात दिला होता. मी भरला नाही, कारण तू भरला होतास, आणि तिथे गेल्यावर तू माझ्या पुढे जाशील हे मला तेव्हाच दिसलं होतं. इथे राहिलो तर निदान वडिलांना बोल लावता येणार होता.

मास्तर म्हणायचे की हा शब्द मोठा परावलंबी. सेनेक्स एकट्याने होता येतं, नुसतं म्हातारं व्हायचं. पण सेनिओर व्हायला शेजारी कुणीतरी लहान उभा करावा लागतो. आपण दोघे हसलो होतो. मी तुला शेजारी उभा केला, रुद्रप्पा, आणि मग जन्मभर वळून वळून बघत राहिलो की तू अजून लहान आहेस ना. मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या पॅरिसचा नाही, त्या मस्यूचाही नाही. तापातला एक आंधळा माणूस तुझं नाव ऐकून उठून बसला, त्याचा.

हे लिहिल्याने मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. वही पाठवली याचा पस्तावाही होतोय, आणि पाठवली नसती तर तोही झाला असता.

वहीच्या शेवटच्या पानांवर काही माझ्या अक्षरातल्या खुणा आहेत. उपयोगी असतील तर घे, नसतील तर पुसून टाक. तळटीप घालायची की नाही ते तू ठरव. प्रबंध वेळेवर दे. मास्तरांनी वही त्यासाठी ठेवली होती. उद्या तुझ्या आईंकडे जाऊन पुन्हा चटणी करून मागणार आहे. पोस्टात विचारलं, पत्र्याच्या डब्याचं तोंड झाळ लावून बंद करून घेतलं तर ते घेतात.

एकच मागणं आहे. ‘त्याला कळू देऊ नकोस’ हे मास्तरांनी तुला सांगितलं होतं, मला नाही. ते पाळायचं ते तूच. तू परत येशील तेव्हा मी स्टेशनवर असेन, तुझ्या ट्रंकेला हात लावीन, प्रवास कसा झाला म्हणून विचारीन. त्या वेळी आणि त्यानंतर कधीही, मला हे ठाऊक नाही असंच माझ्याशी वाग.

तुझा,
चनमल्लप्पा